गाठ स्तनात, शस्त्रक्रिया अंडाशयावर

१८९५ साली ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांच्याकडे स्तनाचा कर्करोग हाताबाहेर गेलेली एक तरुण बाई आली. बीटसननी तिची अंडाशयं काढून टाकली. काही महिन्यांत गाठी विरल्या आणि बाई आणखी जवळपास चार वर्षं जगली. अंडाशयं काढलेली गाय जास्त दिवस दूध देते, या शेतकऱ्यांच्या अनुभवावरून त्यांना हे सुचलं होतं. अंडाशयात तयार होणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचं नावही तेव्हा नव्हतं. ते शुद्ध रूपात हाती लागायला १९२९ उजाडलं.

इस्ट्रोजेन स्तनाच्या पेशीतल्या रिसेप्टरला, म्हणजे त्याला पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि पेशीला विभागायला लावतं. विभाजन म्हणजे डीएनएची नक्कल, आणि नक्कल करताना चुका होतातच. म्हणून पाळी लवकर सुरू झाली किंवा उशिरा थांबली तर धोका वाढतो. १ लाखाहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र करून २०१२मध्ये हिशेब मांडला गेला: पाळी एक वर्ष आधी आली तर सुमारे ५ टक्के वाढ, एक वर्ष उशिरा थांबली तर सुमारे ३ टक्के. निव्वळ वर्षं मोजायची असती तर दोन्ही आकडे सारखे यायला हवे होते. म्हणजे कोवळ्या वयातलं वर्ष जास्त भारी पडतं.

पण सगळं खापर इस्ट्रोजेनवर फोडणं मला पटत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत पाळी गेलेल्या बायकांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक) एकत्र दिलं, तेव्हा दर १० हजार जणींमागे वर्षाला ३०च्या जागी ३८ कर्करोग दिसले आणि २००२मध्ये तो भाग थांबवावा लागला. गर्भाशय काढलेल्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. त्यांच्यात धोका वाढला नाही!

पाळी गेल्यावर अंडाशयं थंडावतात, तरी चरबीतलं अरोमाटेज हे एन्झाइम इस्ट्रोजेन बनवत राहतं. त्या वयात लठ्ठपणा नडतो तो बराचसा यामुळे.

बीटसनच्या शस्त्रक्रियेचा गुण पुढे साधारण तिघींपैकी एकीलाच येत असे. कारण अमेरिकन शास्त्रज्ञ एलवूड जेन्सन यांच्या रिसेप्टरवरच्या संशोधनातून उलगडलं: गाठीत रिसेप्टरच नसेल, तर संप्रेरक तोडून काय उपयोग? आज बायॉप्सीच्या रिपोर्टवर 'ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह' की 'निगेटिव्ह' हे म्हणूनच आधी पाहतात, आणि हा रिसेप्टर अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी द्यायची की नाही ते त्यावरून ठरतं.