‘आमेन’च्या पुढचे पाऊल

चर्चला नियमित जाणाऱ्यांच्या आरोग्याविषयीचे दोन अमेरिकी अभ्यास शेजारी शेजारी ठेवले की माणूस बुचकळ्यात पडतो. पहिला परिचारिकांचा. 1996 ते 2012 अशी 16 वर्षे जवळपास 75 हजार स्त्रियांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट होत्या. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्यांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण 33 टक्क्यांनी कमी निघाले. दुसरा अभ्यास तरुणांचा. 2,433 जणांवर 18 वर्षे लक्ष ठेवल्यावर दिसले की, तरुणपणी धार्मिक कार्यक्रमांना वारंवार हजेरी लावणारे पुढे मध्यमवयात लठ्ठ होण्याची शक्यता इतरांपेक्षा 50 टक्क्यांनी जास्त.

म्हणजे श्रद्धाळू माणूस जास्त जगतो आणि सुटतोही जास्त! दोन्ही खरे कसे?

उत्तराचा धागा पहिल्याच अभ्यासात आहे. संशोधकांनी मृत्यूदर कमी असण्याची कारणे शोधली, तेव्हा दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: या स्त्रियांना माणसांचा आधार जास्त होता आणि त्या धूम्रपान कमी करत. नैराश्य कमी असण्याचाही थोडा वाटा होता. तंबाखू आणि दारूबद्दल बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये उघड बोलले जाते, पाळक म्हणजे धर्मगुरूही बोलतात आणि शेजारच्या बाकावरची माणसेही. ताटाबद्दल मात्र सहसा कुणी काही म्हणत नाही. उलट उपासनेनंतरच्या एकत्र जेवणात ‘अजून थोडे घ्या’ हाच प्रेमाचा शब्द. माझ्या मते त्या वाढत्या वजनाचे मोठे कारण इथे आहे. श्रद्धा आपोआप सगळ्या सवयी सुधारत नाही. जिथे ती नेमके काही सांगते आणि ते चारचौघांत पाळले जाते, तिथेच तिचा परिणाम शरीरावर दिसतो.

याची जवळजवळ प्रयोगासारखी परीक्षा सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथात झालेली आहे. 1863 मध्ये संघटित झालेला हा पंथ ताटाबद्दल गप्प बसत नाही. दारू नाही, तंबाखू नाही, डुकराचे मांस नाही, शक्यतो शाकाहार आणि शनिवारी पूर्ण विश्रांती. 1970 आणि 80च्या दशकांत कॅलिफोर्नियातल्या सुमारे 34 हजार ॲडव्हेंटिस्टांचा पाठपुरावा झाला. 2001 मध्ये निष्कर्ष आला की, तिथल्या इतर लोकांपेक्षा हे पुरुष सुमारे 7 वर्षे आणि स्त्रिया सुमारे साडेचार वर्षे जास्त जगतात. पण मला त्याच अभ्यासातला दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो. आहार, व्यायाम, वजन आणि पूर्वीचे धूम्रपान अशा गोष्टींनुसार ॲडव्हेंटिस्टांमध्ये आपापसांतच 10 वर्षांपर्यंतचा फरक पडत होता. विश्वास तोच, बायबल तेच, शनिवारही तोच. फरक पडला तो रोजच्या वागण्याने.

अर्थात हे सगळे निरीक्षण आहे. आजारी माणूस चर्चला जाऊच शकत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परिचारिकांच्या अभ्यासात आधीची तब्येत हिशेबात धरली होती, तरी निरीक्षणाची मर्यादा उरतेच.

आता प्रश्न असा की, रोजचे वागणे बदलते कशाने? इच्छाशक्तीने, असे आपण गृहीत धरतो. संत पौलाचा अनुभव वेगळा होता. बायबलमधल्या, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो वैतागून म्हणतो की, जे चांगले करावेसे वाटते ते माझ्या हातून होत नाही आणि जे नको तेच होते. मानसशास्त्र आज याच दरीचा अभ्यास करते. ठरवणे आणि करणे यांचा संबंध आहे, पण आपण समजतो त्याहून तो बराच सैल आहे. इच्छाशक्ती वापरली की थकते, हा सिद्धांतही एकेकाळी जोरात होता. त्याच आधारावर प्रार्थनेने इच्छाशक्ती पुन्हा ताजीतवानी होते, असेही काहींनी मांडले. 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी मिळून या सिद्धांताचा एक प्रयोग पुन्हा केला, तर परिणाम जवळपास शून्य. त्यामुळे ‘प्रार्थना करा, मनोबल वाढेल, मग डाएट जमेल’ हे सूत्र कुणी विज्ञानाच्या नावाने सांगत असेल, तर सावधपणे ऐकावे.

सवय वेगळ्याच वाटेने बनते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड यांनी लोकांना दर तासाला ‘आत्ता काय करताय आणि मनात काय चाललेय’ हे लिहायला लावले. सुमारे 43 टक्के कृती जवळजवळ रोज, त्याच जागी आणि बहुतेकदा भलताच विचार करता करता होत होत्या. मेंदूच्या आत काय घडते, ते अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या ॲन ग्रेबिएल यांनी उंदरांवर दाखवले. उंदीर चक्रव्यूहात नवा असतो तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लियातल्या पेशी वाटभर सक्रिय असतात. वाट अंगवळणी पडली की त्या मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटाला चमकतात, मधला सगळा भाग एक गठ्ठा होऊन जातो. म्हणजे सवयीला पक्की सुरुवात लागते. ठरलेली खूण दिसली की पुढचे पाऊल विचाराविना पडते.

आणि श्रद्धेच्या जीवनात ठरलेल्या खुणांची चंगळ असते. बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याची गोष्ट बघा. माडीवरच्या खोलीत, यरुशलेमच्या दिशेच्या खिडक्या, दिवसातून तीन वेळा गुडघे टेकणे. जागा, दिशा, वेळ, शरीराची स्थिती, सगळे ठरलेले. राजाचा मनाईहुकूम निघाल्यावरही तो ‘पूर्वीप्रमाणेच’ प्रार्थना करत राहिला, असे बायबल सांगते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी 73 प्रकरणांची नियमावली लिहिली, तिच्यात हीच दृष्टी आहे. प्रार्थना, हातांचे काम, वाचन, जेवण, झोप, सगळ्यांच्या वेळा बांधलेल्या. आळस हा आत्म्याचा शत्रू, असे त्याने बजावले. पण बजावून थांबला नाही, वेळापत्रक दिले. जर्मन लोकसंख्याशास्त्रज्ञ मार्क लुय यांनी बव्हेरियातल्या मठांतील 11 हजारांहून अधिक मठवासी आणि धर्मभगिनींच्या शंभर वर्षांच्या नोंदी तपासल्या. बाहेरच्या जगात स्त्रिया पुरुषांपेक्षा कितीतरी वर्षे जास्त जगत होत्या, मठांमध्ये मात्र हे अंतर जेमतेम वर्षभराचे. इथे पुरुषांची बाजू सावरली गेली होती. एकट्या वेळापत्रकाला याचे श्रेय देता येणार नाही. बाहेरच्या पुरुषांच्या वाट्याला येणारे कितीतरी धोके मठाच्या भिंतीआड नव्हते.

आपल्याला मठात राहायचे नाही. पण ‘आमेन’ हा शब्द खूण म्हणून वापरता येतो. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झाले की तमुक करीन’ अशा पद्धतीच्या संकल्पांवर काम केले. 2006 मध्ये 94 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा नुसत्या ‘मी व्यायाम करीन’ या इच्छेपेक्षा अशा जोडलेल्या संकल्पाचा फायदा स्पष्ट दिसला. ‘सकाळची प्रार्थना संपली की बूट घालून दहा मिनिटे चालीन.’ ‘जेवणाआधी आभार मानले की पहिला घास भाजीचा.’ ‘रात्रीची प्रार्थना झाली की फोन दुसऱ्या खोलीत.’ प्रार्थना आधीच रोजची असेल, तर नव्या सवयीला तयार खुंटी मिळते. मात्र एका वेळी एकच. प्रार्थनेला पाच कामे चिकटवली, तर आठवड्याभरात प्रार्थनाही टळू लागेल.

जाता जाता रोझरीबद्दल, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायच्या कॅथलिक प्रार्थनेबद्दल. 2001 मध्ये इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी यांनी लॅटिनमधून ‘आवे मारिया’ ही रोझरीतली प्रार्थना म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. तो मिनिटाला सुमारे सहावर आला होता; योगमंत्र म्हणतानाही तेच. या गतीला रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर होते. अभ्यास अवघ्या 23 निरोगी माणसांचा होता, तेव्हा रोझरीला रक्तदाबाचे औषध समजू नये.

खुणेइतकीच सोबतही लागते, आणि इथे मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीचा इंग्लिश संस्थापक जॉन वेस्ली याचा किस्सा सांगायलाच हवा. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहावरचे कर्ज फेडायला प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यायची, असे ठरले. बारा-बारा जणांचे गट केले, गटप्रमुख घरोघर जाऊन पेनी गोळा करू लागला. जाता जाता त्याला कळू लागले की कोण पिते, कोण भांडते, कोण खचले आहे. वेस्लीने ते हेरले. वसुलीच्या गटांतून दर आठवड्याला भेटून एकमेकांची विचारपूस करणारे गट उभे राहिले, आणि मेथडिस्ट चळवळीचा तोच कणा ठरला. 2002 मध्ये मधुमेह टाळण्याच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत असे दिसले की, वजन 7 टक्के घटवणे आणि आठवड्याला 150 मिनिटे व्यायाम हे लक्ष्य देऊन सतत पाठपुरावा केला, तर मधुमेहाचा धोका 58 टक्क्यांनी कमी होतो. पुढे कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये हा कार्यक्रम गटाने चालवून पाहिला गेला. वजन उतरले, पण माफक.

सवय मोडते तेव्हा काय होते, हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. व्यसनमुक्तीवर काम करणाऱ्या ॲलन मार्लेट यांना एक गोष्ट वारंवार दिसली. एक घोट घेतल्याने माणूस जितका घसरत नाही, तितका ‘मी असाच, माझ्याने होणारच नाही’ या समजुतीने घसरतो. एका चुकीची पूर्ण शरणागती होते ती अशी. 2010 च्या एका अभ्यासात पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल स्वतःला माफ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढच्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. ख्रिस्ती विश्वासाकडे यासाठी पूर्ण व्यवस्था आहे: पापकबुली, क्षमा, पुन्हा सुरुवात, तीही दर रविवारी. नव्या सुरुवातीची ही ओढ इतरत्रही दिसते: आठवड्याच्या, महिन्याच्या आरंभी लोक व्यायामशाळेकडे अधिक वळतात, हे 2014 मध्ये नोंदले गेले आहे.

पण हीच श्रद्धा उलटही फिरते. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी 55 वर्षांवरील जवळपास 600 रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. देवाने आपल्याला टाकले, त्याचे आपल्यावर प्रेम नाही, असे वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका जास्त निघाला. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, हे पौलाने करिंथकरांस लिहिलेले वचन लठ्ठ माणसाला लाजवायला वापरणारे उपदेशक आहेत. लाजेने माणूस लपून खातो. त्यांनी हे थांबवलेले बरे.

शेवटी लेंटचा, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या (रविवार सोडून) चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा हिशेब. ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरेत वर्षातले 180 ते 200 दिवस उपवासाचे असतात. क्रीटमधल्या 120 जणांच्या अभ्यासात उपवास पाळणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल त्या काळात उतरले आणि उपवास सुटल्यावर पुन्हा चढू लागले. चाळीस दिवस गोड सोडणाऱ्यांचा अनुभव हाच असतो, कारण सोडणे म्हणजे सवय लावणे नव्हे; जुनी खूण जागच्या जागी राहते. त्यापेक्षा एखादी छोटी कृती नव्याने जोडावी. (मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा.) शिवाय चाळीस दिवस बहुतेकांना पुरतही नाहीत. लंडनच्या फिलिपा लॅली यांनी 96 जणांना एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितली. ती अंगवळणी पडायला लागलेला मध्यम काळ 66 दिवस निघाला. कुणाला 18 पुरले, कुणाला 254 लागतील असा अंदाज आला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नव्हते.

लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टर, रविवार धरून, 46 दिवसांवर असतो, ईस्टरपासून पेन्टेकॉस्ट हा पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण आणखी 49 दिवसांवर. एकूण 95. म्हणून लेंटमध्ये सुरू केलेले चालणे ईस्टरच्या मेजवानीलाही न थांबवता पेन्टेकॉस्टपर्यंत न्यावे. 254 दिवसांच्या गटातल्या मंडळींनी मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंतची तयारी ठेवावी.