औरंगाबादचा उठाव (१८५७)

हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्याने (घोडदळाच्या पलटणीने) जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) छावणीत केलेला व त्याच महिन्यात मोडलेला उठाव. कंटिंजंट ही निजामाच्या नावाची, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची फौज. तिच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गकडील मुलूख ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या ताब्यात घेतला होता.

असंतोष १२-१३ जूनच्या सुमारास उघड झाला. त्याच्या कारणाविषयी मतभेद आहेत. निजामाच्या हद्दीबाहेर चाकरी करण्यास आपण बांधलेलो नाही, असे स्वारांचे म्हणणे होते. दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढण्यास नेले जाईल, ही धास्ती काही अभ्यासक मुख्य मानतात. या फौजेची पूर्वज रसेल ब्रिगेड १८१७ मध्ये महिदपूरला, म्हणजे हद्दीबाहेरच, लढली होती. तेव्हा हद्दीचा मुद्दा एकटा पुरेसा वाटत नाही. दिल्लीबद्दलची धास्ती अधिक संभवनीय दिसते.

जनरल वुडबर्न पुण्याकडून महूला (इंदूरजवळची इंग्रजांची छावणी) निघाला होता; त्याला वाटेत औरंगाबादकडे वळवण्यात आले. तो २३ किंवा २४ जूनला पोचला. स्वारांना पायउतार उभे करून समोर तोफा लावल्या आणि रिसाल्याचा इंग्रज अधिकारी कॅप्टन ॲबट पुढाऱ्यांची नावे पुकारू लागला. त्यातून गलका झाला. दफेदार (घोडदळातला हवालदाराच्या दर्जाचा हुद्देदार) मीर फिदा अलीने ॲबटवर गोळी झाडली, ती चुकली. तोफा मात्र वेळेवर डागल्या गेल्या नाहीत. एका वृत्तांतानुसार इंग्रज अधिकारीच माऱ्याच्या आड उभे होते. दुसऱ्यानुसार जमावात एकनिष्ठ स्वारही असल्याने वुडबर्न हुकूम देण्यास कचरला. या दोहोंत विरोध असेलच असे नाही. तेवढ्या अवधीत स्वार घोड्यांकडे धावले. रिसाला शिलेदारी पद्धतीचा होता, म्हणजे घोडे सरकारचे नव्हेत, शिलेदारांचे. ही धाव समजून घेताना एवढी गोष्ट विसरता येत नाही. बरेचजण निसटले. त्यांना पुढे ना ठरलेले ठिकाण होते, ना सेनापती, आणि उठावाची खरी शोकांतिका हीच.

मीर फिदा अलीला फाशी झाली. इतरांच्या लष्करी चौकशीत वुडबर्न रेंगाळला. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन पुढे कूच करण्याची निकड लावत असतानाच १ जुलैला इंदूर व महू येथे उठाव झाले. याच रिसाल्यातला जमादार चिदा खान काही साथीदारांसह आसऱ्याच्या आशेने हैदराबादला गेला. दिवाण सालारजंगाने त्याला पकडून रेसिडेंटच्या, म्हणजे निजामाच्या दरबारातील इंग्रज प्रतिनिधीच्या, हवाली केले. त्याच्या सुटकेची मागणी करीत १७ जुलैला तुर्रेबाज खान व मौलवी अल्लाउद्दीन यांच्या पुढाकाराने रेसिडेन्सीवर (रेसिडेंटच्या निवासस्थानावर) हल्ला झाला. तोही फसला.

क्रांती चौकातील काळा चबुतरा ही या उठाववाल्यांच्या देहदंडाची जागा मानली जाते.