पांढऱ्या पेशींचा आकडा कालचा एक, आजचा दुसरा का? सीबीसीसाठी (रक्तातल्या पेशींच्या मोजणीसाठी) येणाऱ्यांना माहिती

‘काल दुसऱ्या लॅबमध्ये पांढऱ्या पेशी नऊ हजार होत्या, तुमच्याकडे आज चौदा हजार कशा?’ काउंटरवर वारंवार येणारा हा प्रश्न. यात पुष्कळदा दोन्ही रिपोर्ट बरोबर असतात.

मशीन मोजतं ते सुईत आलेलं, म्हणजे वाहतं रक्त. पण पांढऱ्या पेशींमध्ये ज्या सर्वांत जास्त असतात, त्या न्यूट्रोफिल पेशींपैकी साधारण निम्म्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला लागून रेंगाळत असतात. वारीत चालणारे तेवढे मोजले आणि रस्त्याकडेला टेकलेले सोडून दिले, तसा हा आकडा. टेकलेले उठून चालू लागले की आकडा फुगतो, माणसं तेवढीच असतात.

भिंतीशी त्यांचं खरं काम असतं. बोटात काटा मोडून जंतू आत गेले की जवळच्या बारीक शिरांच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं येतात. त्यांना अडकत, सुटत पेशी घरंगळू लागते. वेग मंदावला की सुजेच्या जागेवरून आलेली रसायनं तिला चेतवतात, तिच्या अंगावरची इंटिग्रिन प्रथिनं घट्ट धरतात आणि ती थांबते. मग चपटी होऊन, बहुतेकदा अस्तराच्या दोन पेशींमधल्या सांध्यातून, अंग चोरून बाहेर पडते. त्यासाठी भिंत फाटावी लागत नाही. ज्युलियस कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ मध्ये बेडकाच्या आतड्याजवळच्या पातळ पडद्यात हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडलं. न्यूट्रोफिल काही तासांत पोचतात, मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी मागाहून. गळवातला पू म्हणजे बराचसा याच पेशींचा ढीग. काही बाळांमध्ये जन्मतःच ही इंटिग्रिन सदोष असतात. त्यांच्या रक्तात पेशींचा आकडा प्रचंड, जखमेत मात्र पू धरत नाही. म्हणून आकडा वाचताना पेशी आहेत कुठे, हेही बघावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. स्टेरॉइड घेतलं की पेशींची भिंतीवरची पकड सुटते, त्यांचं बाहेर पडणं कमी होतं आणि अस्थिमज्जेतला साठाही रक्तात उतरतो. जंतुसंसर्ग नसताना चार-सहा तासांत आकडा चढतो. सुई टोचण्याआधी आम्ही विचारतो, ‘औषध काही चालू?’ उत्तर येतं, ‘काही नाही.’ रिपोर्ट हातात पडल्यावर आठवतं की काल गुडघ्यात इंजेक्शन घेतलं होतं, किंवा दम्याच्या गोळ्या चालू आहेत. मग पुन्हा स्लाइड (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), डॉक्टरांना फोन, पुन्हा रक्त, आणि कधी नको असलेलं अँटिबायोटिक. सांधेदुखीची ‘देशी पुडी’सुद्धा सांगा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. मात्र चाचणीसाठी स्टेरॉइड आपल्या मनाने बंद करू नका, ते धोक्याचं असतं. फक्त आम्हाला सांगा, म्हणजे रिपोर्टवर तशी नोंद होते.

जिना धावत चढणं, व्यायाम, मुलाचं रडून रडून लाल होणं, यांनीही भिंतीवरच्या पेशी प्रवाहात येतात. म्हणून आम्ही पंधरा मिनिटं बसवून ठेवतो. यावर लोक चिडतात, ‘समोरचा लगेच घेतो’ म्हणतात. घेत असेल. आम्ही बसवणारच.

रिपोर्टला आमच्याकडे थोडा जास्त वेळ लागतो तोही याच कारणाने. आकडा ११,००० च्या वर गेला की मशीनवर न थांबता पॅथॉलॉजिस्ट मॅडम स्वतः स्लाइड बघतात. जंतुसंसर्गात अनेकदा अपरिपक्व पेशी आणि पेशींच्या आत ठळक दाणे दिसतात. स्टेरॉइडने वाढलेल्या सहसा परिपक्व असतात आणि जोडीला इओसिनोफिल या आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. यावरून शंभर टक्के निकाल लागत नाही, पण तुमच्या डॉक्टरांना दिशा मिळते. त्याचे वेगळे पैसे नाहीत. ताप, धाप किंवा वाढती सूज असेल तर आकड्याचा खल करत न बसता आधी डॉक्टरांना गाठा.

आकड्यांची तुलना करायची असेल तर शक्यतो एकाच लॅबमध्ये, दिवसाच्या त्याच सुमाराला रक्त द्या. लहान मुलं, वयस्कर मंडळी आणि ज्यांना जिना जमत नाही त्यांच्यासाठी सकाळी घरी येऊन सॅम्पल घेतो, आदल्या संध्याकाळी कळवा. औषधांच्या पट्ट्या आणायला विसरत असाल तर मोबाइलवर फोटो काढून आणलात तरी चालेल.