हॅमर-ऑन व पुल-ऑफ

गिटार, बँजो यांसारख्या फ्रेट (दांडीवरील आडव्या पट्ट्या, पडदे) असलेल्या तंतुवाद्यांवर उजव्या हाताने तार न छेडता केवळ डाव्या हाताच्या बोटांनी स्वर काढण्याच्या दोन परस्परपूरक क्रिया. वाजत्या तारेवर पुढच्या फ्रेटपाशी बोट झटकन पडले की चढा स्वर निघतो, हा हॅमर-ऑन. तेच बोट तारेला किंचित छेडून बाजूला झाले की मागे आधीच टेकवलेल्या बोटाचा उतरता स्वर ऐकू येतो, हा पुल-ऑफ. दोन्ही वेगाने आलटूनपालटून केल्यास ट्रिल होते. स्वरलेखनात दोन स्वर चापाने (वक्र रेषेने) जोडतात. टॅबमध्ये (तार व फ्रेट आकड्यांनी दाखविणाऱ्या लेखनात) चापावर बहुधा ‘एच’ किंवा ‘पी’ हे अक्षर असते. अभिजात गिटारवादक या क्रियांना ‘लिगादो’ (बांधलेले) ही स्पॅनिश संज्ञा वापरतात, तर रॉक व जॅझ वादकांत ‘लेगाटो’ हा शब्द रूढ आहे.

आजची इंग्रजी नावे फार जुनी नाहीत. अमेरिकन लोकगायक पीट सीगर (१९१९–२०१४) यांनी १९४८ मध्ये काढलेल्या पाच तारी बँजोच्या शिक्षणपुस्तिकेतून ती रुळली, असे सामान्यतः मानतात. नाव आणि क्रिया यांची येथे अनेकदा गल्लत होते. ‘हातोडा’ आणि ‘ओढणे’ हे दोन्ही शब्द लक्षात राहण्याजोगे असले, तरी शिकणाऱ्याची दिशाभूल करणारे आहेत. त्याचा विचार पुढे केला आहे.

प्रत्यक्ष क्रिया निदान सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत मागे नेता येते. वादक-रचनाकार काप्सबेर्गर यांच्या १६०४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या कितारोने या दीर्घग्रीव ल्यूटच्या (ल्यूट हे गिटारसारखे जुने युरोपीय तंतुवाद्य) संग्रहात स्वरगट चापाने जोडलेले आढळतात. इटालियन परंपरेत या अलंकाराला ‘स्त्राशिनो’ म्हणत. गास्पार सान्स यांच्या १६७४ च्या स्पॅनिश गिटारविषयक ग्रंथात तोच शब्द ‘एक्स्त्रासिनो’ या रूपात येतो. उजव्या हाताने एकदाच तार छेडावी व पुढचे स्वर डाव्या हाताने काढावेत, असा त्याचा आशय आहे. इंग्लंडमध्ये टॉमस मेस यांनी १६७६ मध्ये ल्यूटवरील अलंकारांचे वर्णन करताना चढत्या प्रकाराला ‘हाफ-फॉल’ आणि उतरत्याला ‘बॅकफॉल’ म्हटले आहे. याहून मागे जाण्याचा मोह काही अभ्यासकांना होतो. त्यासाठी सु. १५१७ च्या कापिरोला या इटालियन ल्यूट-हस्तलिखिताचा दाखला देतात. त्यात अलंकारांसाठी खास खुणा आहेत हे खरे. परंतु त्या एकाच स्वराभोवती बोट हलविण्याच्या, म्हणजे मॉर्डेंटसदृश अलंकाराच्या असाव्यात. दोन स्वतंत्र स्वर बांधण्याची क्रिया त्यांतून सिद्ध होत नाही. म्हणून १६०४ ही मर्यादा अधिक सावध वाटते. अर्थात, लेखी खूण मिळण्यापूर्वीही वादक हे करीत असणारच.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इटालियन गिटारवादक माउरो जुलियानी यांच्या व्हिएन्नातील अभ्याससंग्रहापासून (१८१२) या क्रियांना पद्धतशीर पाठांचे रूप आले. गिटारसाठी लिहिलेला चाप व्हायोलिनच्या किंवा गायनाच्या चापापेक्षा वेगळा वाचावा लागतो, ही अडचणही तेव्हापासूनचीच: तो वाक्यांशाची एकसंधता दाखवितो की बोटाची प्रत्यक्ष क्रिया, हे पुष्कळदा संदर्भावरूनच ठरवावे लागते.

भारतीय वाद्यांत याला सर्वांत जवळची क्रिया सतारीवरील कृंतन ही होय. तर्जनी खालच्या व मधले बोट वरच्या पडद्यावर ठेवून मिजराबीने एकच आघात करतात आणि मधले बोट तारेला कापत काढून घेतात. ही पुल-ऑफच म्हणता येईल. जमजमा या प्रकारात मधले बोट पुनःपुन्हा पडद्यावर पडते, तेव्हा तेथे हॅमर-ऑनचे नाते दिसते. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात रचलेल्या शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरात वीणेवरील डाव्या हाताच्या स्फुरित व खसित या क्रिया सांगितल्या आहेत. त्यांनाच हॅमर-ऑनचे मूळ मानण्याची प्रवृत्ती अधूनमधून डोके वर काढते. मात्र ते वर्णन पडदे नसलेल्या एकतंत्री वीणेचे असून तिच्यावर डाव्या हातातील कम्रिका ही बांबूची पट्टी तारेवर फिरविली जाई. त्यामुळे ते साम्य गिटारच्या स्लाइडशी (तारेवर नळी वा पट्टी सरकवून वाजविण्याशी) अधिक जुळते. हिंदुस्थानी संगीतात गिटार आली तीही मुख्यतः मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याच्या हवाईयन रूपात. फ्रेटवर बोट आपटण्याचा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही.

हॅमर-ऑनचा स्वर दोन गोष्टींतून येतो: आधीच्या आघाताचे तारेत उरलेले कंपन आणि बोटाच्या आपटण्याने मिळालेले नवे कंपन. दुसरा घटक बोटाच्या वेगावर अवलंबून असतो, दाबावर नाही. तार फ्रेटला टेकल्यानंतर दिलेला जोर वाया जातो, उलट हात आखडतो. बोट फ्रेटच्या अगदी मागे, टोकावर आणि तारेशी शक्यतो काटकोनात पडावे. ते उंचावरून आणल्यास आघात मोठा होतो, पण उशिरा पोचतो. एकदोन सेंटिमीटर अंतर पुरते. पुल-ऑफ हे तर खरे पाहता डाव्या हाताने तार छेडणेच आहे. बोट सरळ वर उचलल्यास स्वर पुसट होतो. ते हाताच्या तळव्याकडे, म्हणजे बारीक तारांच्या दिशेने निसटले पाहिजे. या वेळी मागचे बोट तार जागेवर धरून ठेवत नसेल, तर तार ओढली जाऊन खालचा स्वर बेसूर चढतो. बहुतेक विद्यार्थ्यांचा पुल-ऑफ या मागच्या बोटामुळेच बिघडतो, आणि दोष मात्र सुटणाऱ्या बोटाला दिला जातो. निसटलेले बोट शेजारच्या तारेवर टेकवावे की तिला न शिवता जावे, याविषयी शिक्षकांत दोन मते आहेत. सरावाच्या आरंभी टेकविणे सोयीचे, कारण शेजारची तार आपोआप मुकी राहते. पहिल्या तारेवर अर्थात हा आधार मिळत नाही.

चार बोटांच्या सहा जोड्या होतात. त्यांपैकी तिसऱ्या-चौथ्या बोटांची जोडी सर्वांना जड जाते. बोटे वाकविणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपरापुढच्या हातात आहेत, शिवाय मधल्या, अनामिका व करंगळीच्या उचलणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवर एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे अनामिका एकटी फारशी उचलली जात नाही. ‘बोटांची ताकद वाढवा’ हा उपदेश म्हणूनच अपुरा आहे. उरुग्वेचे गिटारवादक व शिक्षक अबेल कार्लेव्हारो (१९१६–२००१) यांनी सुट्या बोटापेक्षा मनगट व बाहू यांच्या सहभागावर भर दिला, तो अधिक पटण्यासारखा आहे.

६५० मिमी. कंपनलांबीच्या गिटारवर पहिला फ्रेट सु. ३६·५ मिमी. रुंद, तर सातव्यापाशीची जागा सु. २६ मिमी. असते. म्हणून सराव पाचव्या ते आठव्या फ्रेटदरम्यान सुरू करून हळूहळू खाली आणतात. मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून तोच स्वरगट आधी प्रत्येक स्वर छेडून व मग बांधून वाजविल्यास सर्वांत सामान्य दोष लगेच उघडा पडतो: बांधलेला स्वर ठरल्या वेळेआधी येतो. मनगट दुखू लागल्यास थांबावे.

विजेच्या गिटारवर प्रवर्धकामुळे दुबळा स्वरही मोठा होतो आणि या क्रिया स्वतंत्र शैली बनू शकतात. अमेरिकन गिटारवादक जिमी वेब्स्टर यांनी १९५० च्या दशकात दोन्ही हातांनी फ्रेटवर बोटे आपटून वाजविण्याची पद्धत मांडली. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांच्या १९७८ च्या ध्वनिमुद्रणानंतर ‘टॅपिंग’ या नावाने ती सर्वदूर पोचली. ब्रिटिश जॅझ-रॉक वादक ॲलन होल्ड्सवर्थ (१९४६–२०१७) यांना पुल-ऑफचा ओढलेला नाद रुचत नसे. उतरते स्वरही ते बोट सरळ उचलून आणि खालचे बोट आपटून काढीत. त्यांच्या वादनाचे टॅब लिहिणारे तरीही तेथे ‘पी’ लिहितात.