ब्लू कार्ड (जर्मनी)

युरोपीय संघाबाहेरील उच्चशिक्षितांना जर्मनीत राहून नोकरी करू देणारा निवास परवाना. मूळ तरतूद युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशातली; जर्मनीत ती ऑगस्ट २०१२ पासून लागू झाली. डेन्मार्क आणि आयर्लंड वगळता संघातले सर्व देश हे कार्ड देतात, पण बहुतांश कार्डे एकट्या जर्मनीची असतात. त्यामुळे आपल्याकडे ‘ब्लू कार्ड’ म्हटले की जर्मनीच समजली जाते.

त्याआधी २००० साली जर्मनीने संगणक तज्ज्ञांसाठी ‘ग्रीन कार्ड’ काढले होते. २०,००० जणांची मर्यादा आणि पाच वर्षांचा मुक्काम. त्याच वर्षी एका प्रांतिक निवडणुकीत ‘किंडर श्टाट इंडर’, म्हणजे ‘भारतीयांऐवजी आपली मुले’, ही घोषणा गाजली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच देशाने कुशल भारतीयांसाठीचे वार्षिक व्हिसा २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे जाहीर केले.

अमेरिकेच्या एच-१बी सारखी इथे लॉटरी नाही. पदवी, तिला साजेशी नोकरी आणि ठरलेला पगार जुळला की कार्ड मिळते. यातली पगाराची अट दरवर्षी सरकते, कारण ती पेन्शन-वर्गणी जास्तीत जास्त ज्या पगारापर्यंत आकारतात त्या मर्यादेशी बांधलेली आहे : सर्वसाधारणपणे तिच्या ५० टक्के, डॉक्टर, अभियंते, आयटी यांसारख्या टंचाईच्या व्यवसायांना आणि तीन वर्षांच्या आत पदवी घेतलेल्यांना ४५.३ टक्के. २०२५ मध्ये हे आकडे ४८,३०० आणि ४३,७५९.८० युरो होते. २०२६ मध्ये ५०,७०० आणि ४५,९३४.२० झाले. म्हणजे ४९,००० युरोंचे ऑफर लेटर डिसेंबरमध्ये कोणत्याही व्यवसायात चालले असते, तेच जानेवारीत फक्त सवलतीच्या गटाला पुरते. रक्कम करापूर्वीची धरतात. मिळेलच अशी हमी नसलेला बोनस त्यात मोजत नाहीत.

पदवीची पारख ‘अनाबिन’ या सरकारी माहितीकोशावर होते. विद्यापीठापुढे ‘एच+’, म्हणजे मान्यताप्राप्त, असा शेरा हवा आणि पदवीही जर्मन पदवीच्या तोडीची म्हणून नोंदलेली हवी. नोंद सापडली नाही तर पदवी मूल्यांकनाचे वेगळे प्रमाणपत्र मागवावे लागते, आणि अनेकांचे घोडे अडते ते इथेच. नोव्हेंबर २०२३ च्या दुरुस्तीने आयटीवाल्यांना मात्र पदवीशिवायही वाट मोकळी केली : गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा त्या तोडीचा अनुभव पुरतो. या सुधारणेला फार वर्षे लागली असे म्हटले तर चूक ठरू नये.

कार्ड जास्तीत जास्त चार वर्षांचे असते. पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलायची तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावे लागते. नवरा किंवा बायको जर्मन न शिकता सोबत येऊ शकते आणि कोणतीही नोकरी करू शकते. इतर अनेक परवान्यांत जोडीदाराला आधी ए-१ ही जर्मन भाषेची पहिल्या पातळीची परीक्षा द्यावी लागते.

कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनी मागता येतो, तोही ए-१ इतक्या जुजबी जर्मनवर. बी-१ या मधल्या पातळीपर्यंत भाषा आली असेल तर २१ महिन्यांतच. पण दिवसभर इंग्रजीत चालणाऱ्या आयटी कंपनीत बी-१ मागे पडत जाते, आणि वरचे सहा महिने मोजावे लागतात.