झूम फिरवणं म्हणजे जवळ जाणं नव्हे

झाडाचा बरा फोटो दिसला की कुणीतरी सांगतोच, "टेली लेन्सनं मागची झाडं पुढे ओढली." टेली म्हणजे दूरचं मोठं दाखवणारी लेन्स. पण लेन्स काहीही ओढत नाही. तरी हा समज वर्षानुवर्षं तसाच फिरतो आहे.

झूमचं सगळ्यांना माहीत आहे: रिंग फिरवली की फ्रेम आवळते, हाताचा कंप जास्त जाणवतो, शटर स्पीड वाढवावा लागतो. त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

खरा घोळ आहे तो पर्स्पेक्टिव्हचा. पुढचं झाड आणि मागचं झाड एकमेकांच्या मानानं केवढी दिसणार, हे फक्त कॅमेरा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. समजा, एक पळस तुमच्यापासून 10 मीटरवर आहे आणि तेवढ्याच उंचीचा दुसरा त्याच्यामागे आणखी 10 मीटरवर. मागचा पुढच्याच्या निम्मा दिसेल. 24 मिमीच्या वाइड लेन्सनं (जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या) काढा नाहीतर 120 मिमीच्या टेलीनं, निम्माच. आता पहिला पळस 50 मीटरवर जाईल इतके मागे या. दुसरा झाला 60 मीटरवर, आणि दिसायला पुढच्याच्या सुमारे 83 टक्के. पळस फ्रेममध्ये आधीएवढाच मोठा हवा म्हणून तुम्ही 24ऐवजी 120 लावता. काम केलं पायांनी, नाव झालं लेन्सचं!

पटत नसेल तर ट्रायपॉड न हलवता दोन्ही लेन्सनी फोटो काढा आणि 24चा फोटो कडा कापून 120च्या फ्रेमइतका क्रॉप करा. झाडांचं प्रमाण तेच निघेल. 24 मेगापिक्सेलमधला जेमतेम 1 उरेल, ती गोष्ट वेगळी.

हेच उलट्या बाजूनं वडाखाली होतं. खोड अवाढव्य, शेंडा एवढासा, आणि दोष वाइड लेन्सला. अहो, खोड 2 मीटरवर आहे आणि शेंडा 15 मीटरवर, दुसरं काय दिसणार? वाइड लेन्सनं सगळं फ्रेममध्ये बसवलं, इतकंच. कडेच्या फांद्या ताणल्यासारख्या दिसतात तो मात्र तिचा गुण. आणि खोडं वर आत झुकलेली दिसतात ती कॅमेरा वर वळवल्यामुळे, ते काम कुठलीही लेन्स करते.

एका जागी ठाण मांडून रिंग फिरवत बसणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. आधी लेन्स खाली ठेवून झाडाभोवती एक फेरी मारावी. दोन पावलं डावीकडे सरकलं की मागच्या खोडात अडकलेली फांदी सुटते, मोकळ्या आकाशावर येते. हे कुठल्याही झूमला जमत नाही. जागा सापडली की मगच चौकट किती घट्ट हवी ते बघावं.

झाड नदीच्या पलीकडच्या काठावर असेल तर खुशाल झूम करा. तेव्हा तो क्रॉपच असतो, फक्त पिक्सेल न गमावता केलेला.