टाकीची चाचणी करण्याआधी आम्ही डिपची वही का मागतो

आमची माणसं पेट्रोल-डिझेलची जमिनीखालची टाकी तपासायला आली की यंत्रं गाडीतून उतरवण्याआधी डिपची वही मागतात, म्हणजे टाकीत मोजकाठी (डिप रॉड) बुडवून रोज मोजलेल्या साठ्याची नोंद. काही ग्राहकांना वाटतं, आम्ही त्यांचा हिशेब तपासतोय. तसं नाही. जमिनीखालची गळती डोळ्यांना दिसत नाही आणि वास येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. ती सगळ्यात आधी सापडू शकते ती या वहीत.

सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला साधारण सव्वाचार लिटर जातं, वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. रोज हजारो लिटरची उलाढाल असेल तिथे एवढी घट खपून जाते. शेजारच्या विहिरीत ती खपत नाही. पेट्रोलमध्ये बेंझिन हा विषारी घटक 1 टक्का धरला तर लिटरभर पेट्रोलमध्ये ते सुमारे 9 ग्रॅम असतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला 10 मायक्रोग्रॅम. म्हणजे ते सगळं पाण्यात उतरलं, तर जवळपास 9 लाख लिटर पाणी मर्यादेला टेकेल. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात काही भाग मातीत अडकतो, काही उडून जातो, काही जिवाणू फस्त करतात. उरलेलं इंधन पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे भूजलावर तवंग धरतं, आणि त्यातलं बेंझिन वर्षानुवर्षं खालच्या पाण्यात उतरत राहतं.

पेट्रोलमध्ये मिसळली जाणारी काही रसायनं याहून त्रासदायक. एमटीबीई हे त्यातलं एक. ते मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर पुढे सरकतं आणि सहजी कुजत नाही. 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला याच रसायनामुळे आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचा जवळपास निम्मा पुरवठा गेला.

अमेरिकेत 1984 साली या टाक्यांसाठी कायद्यात तरतूद झाली आणि 1988 मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, सविस्तर नियम काढले. जुन्या टाक्यांना 22 डिसेंबर 1998 पर्यंत मुदत मिळाली. तोवर गंजापासून संरक्षण करा, भरताना सांडलेलं धरायला कुंडी आणि टाकी उतू जाऊ नये म्हणून साधन बसवा, नाहीतर टाकी बंद करा. नळांसह एकूण आकारमानाचा 10 टक्के भाग जरी मातीखाली असला, तरी ती जमिनीखालची टाकी. 2015 मध्ये आणीबाणीच्या जनरेटरच्या टाक्यांनाही गळती शोधण्याचा नियम लागू झाला. ते बरंच झालं, कारण वीज जाईपर्यंत त्या टाकीची आठवण कुणाला होत नाही.

तुमच्या परवान्याच्या अटी वेगळ्या असतील आणि पाळायच्या त्याच. पण या नियमांमागचा विचार आम्हाला पटतो: विहीर बिघडण्याची वाट न बघता गळती महिन्याभरात कळेल अशी सोय टाकीपाशीच हवी.

आता वहीकडे येऊ. आदल्या दिवशीचा साठा, त्यात आलेला माल, वजा विक्री, आणि उरलेलं डिपशी ताडून बघायचं. रोज थोडा फरक येणारच. इंधनाचं तापमान 1 अंशाने बदललं तर 10,000 लिटर पेट्रोलचं आकारमान सुमारे 10 लिटरनी बदलतं. 2 मीटर व्यासाच्या, 20,000 लिटरच्या आडव्या टाकीत निम्म्या उंचीवर डिप रॉड वाचताना 3 मिलिमीटर चुकलात, तर 38 लिटरची चूक होते. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावरून घाबरू नका. महिन्याची बेरीज बघा. ईपीएचं प्रमाण असं: महिन्याच्या विक्रीचा 1 टक्का, अधिक 130 गॅलन (सुमारे 492 लिटर). विक्री 40,000 लिटर असेल तर जवळपास 890 लिटर. सलग दोन महिने फरक त्यापुढे गेला की गळतीचा संशय धरायचा. ही चाळणी मोठ्या भोकांची आहे, हे उघड आहे. म्हणूनच तिथे नुसत्या वहीवर कायम भागत नाही. 11 एप्रिल 2016 पर्यंत बसवलेल्या टाक्यांनाच ही पद्धत चालायची, तीही बसवल्यापासून पहिली 10 वर्षंच, आणि तेव्हाही दर 5 वर्षांनी घट्टपणाची चाचणी, म्हणजे टाकी कुठे गळत नाही ना याची तपासणी, करावी लागायची. त्या चाचणीत तासाला 0.1 गॅलन, म्हणजे 380 मिलिलिटरची गळती पकडता यायला हवी.

आमची एक विनंती आहे. फरक रोज शून्य दाखवणारी वही आम्हाला देऊ नका. ती घरी बसून भरलेली असते, हे दोन पानांत कळतं.

डिप घेताना रॉडला वॉटर पेस्ट (पाणी लागलं की रंग बदलणारा लेप) लावायची सवय ठेवा. तळाशी पाणी वाढत असेल तर ते झाकणातून किंवा फिल पाइपमधून शिरत असेल, किंवा टाकीला भोक असेल आणि बाहेरचं भूजल आत येत असेल. हे दुसरं कारण असेल तर वहीत घट दिसणारच नाही, उलट साठा वाढलेला दिसेल. वाढ दिसली म्हणून खूश होणारे ग्राहक आम्ही पाहिले आहेत.

डिझेलवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. 2016 मध्ये ईपीएने 42 डिझेल टाक्या आतून पाहिल्या. त्यांपैकी 35 टाक्यांच्या धातूच्या भागांवर मध्यम ते तीव्र गंज सापडला आणि बहुतेक मालकांना त्याचा पत्ताच नव्हता. फायबरची टाकी असली तरी पंपाचे, नळांचे, झडपांचे भाग धातूचेच असतात.

चाचणीच्या दिवसासाठी: आदल्या रात्री टँकर खाली करून घेऊ नका, नवा माल निवून स्थिर व्हायला वेळ लागतो. चाचणी चालू असताना त्या टाकीची विक्री बंद ठेवावी लागेल. टाकीच्या तोंडावरच्या चेंबरची झाकणं आधी उघडून आत साचलेलं पाणी काढून ठेवा. त्यावर तेलकट तवंग दिसला तर ते पाणी गटारात सोडू नका, तसंच राहू द्या आणि लगेच आम्हाला फोन करा. आणि गेल्या 12 महिन्यांची वही बाहेर काढून ठेवा, खाडाखोड असली तरी चालेल.